मज्जातंतूची साक्ष

ऐकूं येतें कीं नाहीं, हा प्रश्न दिसावयास मोठा साधा आहे. परंतु ज्याला तो विचारावयाचा त्यालाच तो ऐकूं आला पाहिजे, ही त्यांतील अडचण आहे. एखादा मनुष्य प्रौढ वयांत बहिरा झाला, तर त्याला प्रश्न लिहून दाखवितां येतो, आणि त्याचें उत्तरहि विश्वसनीय असतें. कारण ध्वनि म्हणजे काय ह्याची त्याला आठवण असते. जन्मतः बधिर असलेल्या दीड वर्षाच्या बालकाची गोष्ट निराळी. त्याला प्रश्न कळत नाहीं, उत्तर देतां येत नाहीं, आणि आपल्या ठायीं कांहीं न्यून आहे ह्याची तर त्याला वार्ताहि नसते. तें हंसतें, खेळतें, दार आपटल्याचा हादरा पायांना जाणवला म्हणजे मान वळवितें, आणि आजी म्हणते, "ऐकूं येतें हो त्याला; आपलें घराणेंच उशिरां बोलणारें!" अशा रीतीनें दोन-तीन वर्षें निघून जातात, आणि भाषा अंगीं मुरण्याच्या दृष्टीनें आयुष्यांतील तींच वर्षें सर्वांत मोलाचीं असतात.

अशा मुलांसाठीं निर्माण झालेल्या 'कॉक्लिअर इम्प्लांट' नांवाच्या यंत्राची कीर्ति आतां घरोघर पोंचली आहे. यंत्राची कथा पुष्कळांनीं सांगितली. परंतु त्या यंत्राच्या पाठीशीं उभ्या असलेल्या एका परीक्षेची कथा फारशी कोणी सांगत नाहीं. ती परीक्षा म्हणजे श्रवणमज्जातंतूची. तिचाच इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आंतल्या कानांत शंखासारखी सुमारें अडीच वेढ्यांची एक नलिका असते. तिला आपण कर्णशंख म्हणूं. तिच्यांतील सूक्ष्म केशपेशी ध्वनीच्या कंपनांचें विद्युत्संदेशांत रूपांतर करितात, आणि ते संदेश मेंदूकडे नेणारी जी सुमारें ३०,००० तंतूंची जुडी, तिला श्रवणमज्जातंतु म्हणतात. बहुतेक जन्मबधिर मुलांच्या बाबतींत बिघाड असतो तो केशपेशींत. तंतु शाबूत असतात. इम्प्लांट ह्या निकामी पेशींना वळसा घालून कर्णशंखांत सरकविलेल्या बारीक विद्युदग्रांच्या द्वारें तंतूंनाच थेट चेतवितें. अर्थात् सर्व मदार तंतूवर. तोच मृत किंवा मुळांतच नसला, तर यंत्र कितीहि उत्तम असो, तें ओसाड गांवीं पत्र टाकण्यासारखें होय. तेव्हां तंतु जिवंत आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि उत्तर मिळाल्यासारखें वाटलें, तर तें खरोखर तंतूनेंच दिलें कीं त्याच्या आवाजांत दुसराच कोणी बोलला, हा दुसरा. आमच्या मतें ह्या विषयाचा सारा इतिहास ह्या दुसऱ्या प्रश्नाभोंवतीं फिरत आलेला आहे.

विद्युत् आणि कान ह्यांची गांठ १८०० सालीं व्होल्टानें घालून दिली. आपण नुकत्याच शोधिलेल्या विद्युत्पुंजाच्या तीस-चाळीस जोड्या घेऊन त्यानें धातूच्या दोन कांड्या स्वतःच्या दोन्ही कानांत घातल्या आणि प्रवाह सोडला. डोक्यांत एक धक्का बसला, आणि मागाहून एखादा घट्ट पदार्थ रटरटत शिजत असावा तसा आवाज येऊं लागला. ही हकीकत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविली. मात्र हा प्रयोग पुन्हां करण्याच्या भानगडींत तो पडला नाहीं, ह्याबद्दल त्याला कोणी दोष देईल असें वाटत नाहीं.

ह्यानंतर सव्वाशें वर्षें ओलांडून आपणांस अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथें यावें लागतें. १९३० सालीं वेव्हर आणि ब्रे ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं मांजराच्या श्रवणमज्जातंतूवर विद्युदग्र ठेवून त्याची तार दूरच्या खोलींतील टेलिफोनला जोडली. एकानें मांजराच्या कानाशीं बोलावें आणि दुसऱ्यानें त्या दूरच्या खोलींत टेलिफोन कानाला लावून बसावें, अशी योजना होती. बोललेला शब्द न् शब्द टेलिफोनवर स्पष्ट ऐकूं आला! तंतु हुबेहूब टेलिफोनच्या तारेसारखा वागतो, असा निष्कर्ष निघून विद्वानांत मोठी खळबळ उडाली. परंतु केंब्रिजच्या एड्रियनला शंका आली, आणि पुढें दोन वर्षांत हार्वर्ड येथील सॉल व डेव्हिस ह्यांनीं उलगडा केला. टेलिफोनवर जें ऐकूं आलें त्यांतील बराच मोठा भाग तंतूचा नव्हताच. तो कर्णशंखांतील केशपेशींचा होता. केशपेशी ध्वनीबरोबर डोलतात आणि मायक्रोफोनप्रमाणें त्याची विद्युत्-प्रतिमा उमटवितात. ती जवळच्या तंतूवरहि पसरते. तंतूचा खरा संदेश निराळा, तुटक, ठोक्याठोक्यांचा. साक्षीदार म्हणून ज्याला उभें केलें तो गप्पच होता, आणि शेजारी त्याच्या नांवानें बोलत होता. वाचकांनीं हें मांजर ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची पुन्हां गांठ पडणार आहे.

मनुष्याच्या तंतूला प्रथम हात लागला तो पॅरिसमध्यें. २५ फेब्रुवारी १९५७ रोजीं एरिएस ह्या शस्त्रवैद्यानें, द्जूर्नो ह्या शरीरशास्त्रज्ञाच्या साह्यानें, दोन्ही कान रोगानें नष्ट झालेल्या एका मनुष्याच्या तंतूच्या उरलेल्या टोंकाशीं विद्युदग्र बसविलें. रोग्याला रातकिड्यांच्या किरकिरीसारखा आवाज ऐकूं आला, आणि सरावानें चार-दोन शब्दहि ओळखतां येऊं लागले. पुढें तार तुटली. दुसऱ्यानें बसविली तीहि तुटली. पण तंतु विद्युत्प्रवाहाला उत्तर देतो, हें एका जिवंत माणसानें आपल्या तोंडानें सांगितलें होतें. ही बातमी वर्तमानपत्राच्या एका कात्रणाच्या रूपानें लॉस एंजेलिसच्या विल्यम हाऊस ह्यांच्या हातीं पडली, ती एका रोग्यानेंच आणून दिल्यामुळें. आणि १९६१ पासून त्यांनीं हें काम हातीं घेतलें. मेलबर्नच्या ग्रेम क्लार्क ह्यांनीं १९७८ सालीं अनेक विद्युदग्रांचें यंत्र प्रथम बसविलें. त्यांच्या पुढें पेंच होता कीं, वेढ्यावेढ्यांच्या शंखांत तार आंत सरकवावी कशी? समुद्रकिनाऱ्यावर बसून शिंपल्यांच्या शंखांत गवताचीं पातीं सारतां सारतां, टोंकाशीं लवचीक आणि बुडाशीं ताठ असें पातें खोलवर जातें, हें त्यांना उमगलें. मोठे शोध पुष्कळदां असे पोरखेळांतून निघतात.

ह्या सर्व काळांत तंतूची परीक्षा कशी होत असे? कानाच्या पडद्यांतून एक बारीक सुई आंत घालून मधल्या कानाच्या आंतील भिंतीवर टेंकवावयाची, सौम्य प्रवाह सोडावयाचा, आणि विचारावयाचें: कांहीं ऐकूं आलें काय? रोग्यानें 'होय' म्हटलें कीं तंतु जिवंत. १९७७ सालीं पिट्सबर्गच्या बिल्गर ह्यांनीं इम्प्लांट बसविलेल्या १३ जणांची कसून तपासणी केली, तीहि सर्व प्रौढांचीच. प्रौढांच्या बाबतींत हें सारें ठीक होतें. परंतु सुई टोंचून घेऊन शांतपणें उत्तर देणारें दोन वर्षांचें मूल आणावें कोठून? मँचेस्टरच्या ईविंग दंपतीनें १९४४ च्या सुमारास बालकांच्या मागें खुळखुळे, चमचे-पेले वाजवून तें मान वळवितें काय हें पाहण्याची शास्त्रशुद्ध पद्धति घालून दिली होती, आणि ती पुष्कळ वर्षें उपयोगी पडली. पण तिनें फार तर मूल ऐकत नाहीं इतकेंच कळणार. दोष केशपेशींचा कीं तंतूचा, हें कसें कळावें?

मार्ग निघाला तो संगणकामुळें. कानावर टक् असा बारीक आवाज केला, तर मज्जातंतु आणि मेंदूचा देठ ह्यांत उठणारी विद्युत्-लहर डोक्याच्या कातडीपर्यंत पोंचेपोंचेतों एका व्होल्टच्या दशलक्षांशाहूनहि क्षीण होते, आणि स्नायू व मेंदू ह्यांच्या इतर गलबल्यांत बुडून जाते. परंतु तोच आवाज हजार-दोन हजार वेळां करून सर्व नोंदींची सरासरी काढली, तर गलबला परस्परांना खाऊन नाहींसा होतो आणि नेमकी लहर वर तरंगते. १९७० व १९७१ सालीं डॉन ज्युएट व त्यांचे सहकारी ह्यांनीं आवाजानंतर १० सहस्रांश सेकंदांच्या आंत उमटणाऱ्या सात लहरींचा नकाशाच मांडला. पैकीं पहिली लहर खुद्द श्रवणतंतूची, पांचवी मेंदूच्या देठांतील व सर्वांत ठळक. मूल निजलें असलें तरी चालतें. किंबहुना निजलेलेंच बरें. तथापि बधिर मुलाच्या नोंदींत एकहि लहर उठत नाहीं, आणि त्या सपाट रेषेचा अर्थ पुन्हां संदिग्धच. केशपेशींनीं संदेश दिलाच नाहीं म्हणून तंतु गप्प आहे, कीं तंतूच मेलेला आहे? ध्वनीच्या ऐवजीं विद्युत्प्रवाह देऊन तंतूलाच विचारणें भाग होतें. १९७९ सालीं स्टार व ब्रॅकमन ह्यांनीं इम्प्लांट बसविलेल्या रोग्यांत प्रवाहानें उठणाऱ्या देठाच्या लहरी टिपल्या. पांचवी लहर नेहमींपेक्षां सुमारें दीड-दोन सहस्रांश सेकंद आधीं आली. कर्णशंखांतील प्रवास वगळला गेल्यावर असेंच व्हावयाचें. मात्र पहिली, म्हणजे तंतूची स्वतःची लहर, दिलेल्या प्रवाहाच्या धडाक्यांत पार बुजून गेली होती.

१९९० सालीं अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें अनेक विद्युदग्रांचें इम्प्लांट दोन वर्षांवरील मुलांत बसविण्यास परवानगी दिली, आणि प्रश्न एकदम निकडीचा झाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं आयोवा विद्यापीठांतील कॅरोलिन ब्राउन, पॉल ॲबस आणि ब्रूस गँट्झ ह्यांनीं तो बुजलेला आवाज बाहेर काढला. ही युक्ति इतकी सुंदर आहे कीं, ती जरा सावकाश सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

तंतूच्या उत्तराची उत्तम नोंद त्याच्या शेजारींच, म्हणजे कर्णशंखांतील दुसऱ्या एका विद्युदग्रावर मिळणार. परंतु ज्या क्षणीं प्रवाह द्यावयाचा, त्याच्या पाठोपाठ दोन-चार दशसहस्रांश सेकंदांत उत्तर ऐकावयाचें. आणि प्रवाहाचा पडसाद उत्तराच्या मानानें प्रचंड. नगारखान्यांत टिमकीचा आवाज कसा ऐकावा? ह्या संशोधकांनीं तंतूच्या एका दुर्बलतेचा आश्रय घेतला. तंतु एकदां स्फुरण पावला म्हणजे त्याला क्षणभर, सेकंदाच्या सहस्रांशाहूनहि कमी काळ, विश्रांति लागते. त्या काळांत कितीहि डिवचलें तरी तो उठत नाहीं. तेव्हां त्यांनीं प्रथम एक स्पंद देऊन तंतूला दमविलें, आणि लगेच दुसरा स्पंद दिला. ह्या दुसऱ्या स्पंदाच्या नोंदींत नगारा आहे, पण टिमकी नाहीं. तोच स्पंद एकटा दिला असतां नगारा आणि टिमकी दोन्ही. एकांतून दुसरें वजा केलें, पहिल्या स्पंदाच्या पडसादाचाहि तसाच हिशेब चुकता केला, कीं बाकी उरते ती केवळ तंतूची वाणी: खालीं एक उतार, वर एक चढ, आणि सारा व्यवहार एका सहस्रांश सेकंदांत आटोपलेला. शिवाय ही लहर कातडीवरील लहरीपेक्षां कित्येक पटींनीं मोठी. मूल जागें असो, खेळत असो, रडत असो, तिला त्याची पर्वा नाहीं.

ज्यांच्यावर हा प्रयोग झाला त्यांचें इम्प्लांट अशा जातीचें होतें कीं त्याच्या तारा कातडींतून थेट बाहेर आलेल्या होत्या. मुलांच्या बाबतींत असली उघडी जोडणी इष्ट नव्हे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या नव्या 'न्यूक्लिअस' यंत्रांत ऐकण्याची ही सोय यंत्राच्या आंतच बसविण्यांत आली, आणि नोंद रेडिओलहरींच्या द्वारें कातडींतून बाहेर येऊं लागली. झ्यूरिकच्या डिलिएर व लाय ह्यांनीं त्या तपासणीचा मोठा भाग घडविला. मग इतर कंपन्यांनींहि तशीच व्यवस्था केली. आज शस्त्रक्रियागृहांत विद्युदग्रें आंत सरकविल्यावर, मूल गुंगींत असतांनाच, ही परीक्षा घेतात. बाहेर बांकावर बसलेल्या आईबापांना "यंत्र चालूं आहे आणि तंतूनें उत्तर दिलें" हें वाक्य ऐकावयास मिळतें, त्याच्या मागें एवढी परंपरा आहे.

परंतु परीक्षेचें खरें काम पुढें सुरू होतें. यंत्राच्या प्रत्येक विद्युदग्राला किती प्रवाह द्यावा हें ठरवावें लागतें: इतका कमी नको कीं कांहींच कळूं नये, आणि इतका जास्त नको कीं मूल दचकून यंत्र ओरबाडून फेंकून देईल. मोठें मूल असेल तर आवाज ऐकूं आला कीं डब्यांत ठोकळा टाक, असा खेळ मांडतां येतो. वर्षाच्या बालकाशीं कोणता खेळ मांडणार? तंतूच्या उत्तराचा आरंभ कोणत्या पातळीला होतो हें कळलें, म्हणजे निदान अंधारांत चांचपडणें थांबतें. ह्यावरून कांहींजण उत्साहानें म्हणूं लागले कीं, आतां मुलाला विचारण्याची गरजच उरली नाहीं. हा उत्साह अनाठायीं होता. आयोवाच्याच मंडळींनीं २००० सालीं मुलांवरील निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. त्यांत तंतूची पातळी सर्वसाधारणतः 'जेमतेम ऐकूं येणें' आणि 'सुखावह मोठें' ह्या दोन मर्यादांच्या मध्यें पडते असें दिसलें, पण एकेका मुलाच्या बाबतींत फरक पुष्कळ. शंभरांचा नियम एकाला लावतांना मुलाच्या चेहऱ्याकडे पाहणारा डोळसपणा सुटतां कामा नये.

आतां तें मांजर. १९७८ सालीं लंडनच्या डेव्हिड केंप ह्यांनीं दाखविलें कीं, निरोगी कर्णशंख स्वतःच अतिसूक्ष्म ध्वनि बाहेर टाकतो. पुढें नवजात बालकांच्या तपासणीसाठीं ह्याचा सर्वत्र उपयोग होऊं लागला. परंतु कांहीं मुलें अशी आढळलीं कीं, त्यांचा कान हा प्रतिध्वनि उत्तम देई, मात्र त्यांना बोलणें मुळींच कळत नसे. १९९६ सालीं, वर उल्लेखिलेले स्टार आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं अशा १० रोग्यांचा अभ्यास करून 'श्रवणतंतुविकार' हें निदान मांडलें: केशपेशी चांगल्या, पण तंतूंचा ताल बिघडलेला. हजार तंतु एकाच क्षणीं उठावयाचे ते मागेंपुढें उठतात, आणि शब्दाचा चिखल होतो. अशा मुलांच्या नोंदींत कित्येकदां सुंदर लहरी दिसत आणि परीक्षक त्यांना तंतूच्या लहरी समजत. न्यू ऑर्लिन्सच्या बर्लिन ह्यांनीं साधी तोड सांगितली: टक् आवाजाची दिशा उलटी करा. लहरीहि उलट्या झाल्या तर त्या केशपेशींच्या. तंतूच्या लहरी उलटत नाहींत. १९३० सालीं प्रिन्स्टनच्या टेलिफोनवर जो तोतया बोलला होता, तोच जवळजवळ सत्तर वर्षांनीं रुग्णालयांत पुन्हां तंतूच्या नांवानें साक्ष देत होता! अपुऱ्या दिवसांचीं आणि जन्मतःच तीव्र कावीळ झालेलीं बालकें ह्या विकाराला विशेष बळी पडतात. म्हणून अतिदक्षता विभागांत राहिलेल्या बालकाची तपासणी केवळ प्रतिध्वनीवर न सोडतां देठाच्या लहरींचीहि करावी, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो; आणि आईबापांनींहि तो धरावा, असें आम्ही म्हणूं.

अशा मुलांत इम्प्लांट बसवावें काय? तंतूच रोगट असेल तर यंत्र काय करणार, असें वाटणें स्वाभाविक होतें. पण २००१ सालीं मेयो क्लिनिकमधून पांच मुलांचा वृत्तांत आला. विद्युत्प्रवाहानें चेतवितांच त्यांच्या तंतूंनीं एकतालांत उत्तर दिलें होतें. अशा कांहीं मुलांत दोष तंतूचा नसून केशपेशी व तंतु ह्यांच्या सांध्यांतला असतो. ओटोफर्लिन नांवाच्या प्रथिनाची जनुक त्या सांध्यांत काम करिते, आणि तिच्यांतील दोषामुळें बहिरेपणा येतो, हें १९९९ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील संशोधनानें उघड झालें. २०२४ सालीं शांघायच्या वैद्यांनीं ह्या दोषाच्या सहा मुलांच्या कानांत निर्दोष जनुक पोंचविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पांचांना ऐकूं येऊं लागलें, आणि त्याचा पुरावा म्हणून ज्युएटच्याच लहरी दाखविण्यांत आल्या. ह्याच्या उलट टोंकाला, चुंबकीय चित्रणांत ज्यांचा तंतु दिसतच नाहीं अशीं मुलें आहेत. त्यांतील कांहींजण इम्प्लांटला अनपेक्षित उत्तर देतात. बाकीच्यांसाठीं मेंदूच्या देठावरच विद्युदग्रें ठेवण्याची शस्त्रक्रिया आहे, पण तिचें फळ अनिश्चित. उत्तर मिळालें नाहीं म्हणून मूल ऐकणारच नाहीं असें नव्हे, आणि उत्तर मिळालें म्हणून तें बोलेलच असेंहि नव्हे.

कारण तंतूच्या पलीकडे मेंदु आहे, आणि त्याला घाई आहे. अनु शर्मा आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २००२ सालीं १०४ जन्मबधिर मुलांच्या मेंदूंतील लहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. साडेतीन वर्षांच्या आंत इम्प्लांट मिळालेल्या मुलांत त्या लहरी लवकरच इतर मुलांसारख्या झाल्या. सात वर्षांनंतर मिळालेल्यांत बहुधा झाल्या नाहींत. ह्या आंकड्यांचा आधार घेऊन आईबापांना धाक घालणारेहि निघाले, तें आम्हांस पसंत नाहीं. अमेरिकेंतील बधिरांच्या राष्ट्रीय संघानें १९९१ सालीं मुलांवरील ह्या शस्त्रक्रियेला स्पष्ट विरोध केला होता, आणि २००० सालीं तो पुष्कळसा सौम्य केला. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे हा त्यांचा मुद्दा मात्र खरा होता आणि आहे. परीक्षा, परवानगी, पैसा ह्यांची वाट पाहण्यांत जे महिने जातात, त्यांत मुलाला कोणतीच भाषा न देणें हा सर्वांत मोठा तोटा होय. खुणा शिकविल्या तर मूल बोलणार नाहीं, ही समजूत आमच्याकडे अजूनहि सुशिक्षित घरांत ऐकूं येते. तिला पुरावा नाहीं.

आपल्याकडे म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईंतील वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून ह्या क्षेत्रांत आहेत. २०१४ सालीं केंद्रसरकारच्या साहाय्ययोजनेंत कॉक्लिअर इम्प्लांटचा अंतर्भाव होऊन त्या वेळीं एका मुलामागें ६ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा ठेवण्यांत आली, आणि गरीब घरांतील मुलांनाहि हें दार किलकिलें झालें. परंतु शस्त्रक्रिया एक दिवसाची. प्रवाहाची पातळी पुन्हां पुन्हां जुळविण्यासाठीं मात्र वर्षानुवर्षें शहरांत खेपा घालाव्या लागतात. दूरच्या तालुक्यांतून पहाटेच्या एस्. टी. नें निघालेलें मूल दुपारीं श्रवणतज्ज्ञापुढें बसतें, तेव्हां तें दमलेलें, भुकेलें आणि रडवेलें असतें. ठोकळ्यांचा खेळ खेळण्याची त्याची मुळींच इच्छा नसते. तज्ज्ञ यंत्राची तार जोडतो, पडद्यावर एकामागून एक वक्ररेषा उमटूं लागतात, आणि मूल आईच्या मांडीवर झोंपीं गेलें तरी त्याचा तंतु उत्तरें देत राहतो. नंतर आई पर्समधून वही काढते आणि घरीं कोणते शब्द किती वेळां म्हणावयाचे, तें लिहून घेते.